मावशीचं आतडं पाहिलं ती सकाळ

चंद्रपुरात मे महिन्यात सगळ्यात थंड जागा कोणती, असं कोणी विचारलं तर मी आमच्या सेंटरमधली सीटी स्कॅनची खोली सांगेन. यंत्राला गारवा लागतो, म्हणून तिथला एसी कधी बंद होत नाही. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं आणि आत मी स्वेटर घालून बसलेली असते. पेशंटबरोबर आलेली माणसं काहीतरी निमित्त काढून दारात घुटमळतात. "मॅडम, बुढ्याची चप्पल आत राह्यली का?" चप्पल बुढ्याच्या पायातच असते. मी दार जरा वेळ उघडं राहू देते.

फार बोलावं लागत नाही म्हणूनच मला हे काम आवडतं. झोपा, हात डोक्याच्या वर घ्या, श्वास धरा, सोडा. एवढ्यात दिवस निघतो. बाकी वेळ मी जाड काचेमागे पडद्यासमोर असते. शिवाय टेक्निशियनने पेशंटला काही सांगायचं नाही असा नियमच आहे. पडद्यावर काय दिसलं ते सर, म्हणजे आमचे डॉक्टर, बघणार, रिपोर्ट सर लिहिणार, आपण फक्त चेहरा कोरा ठेवायचा. ते मी शाळेतच शिकले होते. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की ओरडा बसायचा आणि इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा. गप्प बसणं सगळ्यात सोयीचं होतं.

त्या शाळेमुळे आणखी एक झालं. शरीराबद्दल जे काही शिकले ते मी इंग्रजीत शिकले. पोटाच्या खालचे सगळे शब्द मला इंग्रजीत धुतलेले, घडी घातलेले वाटतात. मराठीत तेच तोंडातून निघत नाहीत. आमच्याकडे मोठ्या आतड्याचा सीटी महिन्यातून एखादाच होतो, आणि त्यासाठी पेशंटने दोन दिवस आधीपासून काय खावं, जुलाबाचं औषध कधी घ्यावं याचा एक कागद द्यावा लागतो. तो कागद इंग्रजीतून मराठीत करायचं काम सरांनी मला दिलं होतं. मी तो इतका सभ्य केला की आमची सिस्टर म्हणाली, "यात संडासला जायचं कुठं लिहिलं आहे?" मी 'पोट पूर्णपणे रिकामे होईल' असं लिहिलं होतं. तेव्हापासून सिस्टर कागद हातात देताना चार शब्द तोंडी सांगते. ते चार शब्द चालू असताना मी फाइल शोधत असते.

मग मावशीची पाळी आली.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. आरमोरीच्या पुढे एका खेड्यात राहते. घरची धानाची शेती आहे, आणि रोवणीच्या दिवसांत वीस-पंचवीस बायांची टोळी तिच्या हाताखाली असते. गुडघाभर चिखलात उभी राहून ती बोलते ते पलीकडच्या गावात ऐकू जातं असं मावसाजी म्हणतात. अशी ही बाई हिवाळ्यापासून अंगावर दुखणं काढत होती. संडासातून रक्त जात होतं आणि तिने उन्हाळा लागेपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर गडचिरोलीला दुर्बिणीची तपासणी झाली. मूळव्याध दिसली. पण पुढे आतडं इतकं वळणाचं निघालं की दुर्बीण अर्ध्यावरून पुढे सरकेना. तिथल्या डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही. रक्त मूळव्याधीचंच असणार, पण वर गाठ नाही याची खात्री पाहिजे, उरलेलं आतडं सीटीवर बघून घ्या, म्हणाले.

गाठ हा शब्द आमच्या घरात जड आहे. आजी, म्हणजे मावशीची आणि आईची आई, पोटातल्या गाठीनेच गेली. तिला नागपूरला नेलं होतं, फार उशिरा. मावशी तेव्हा तिच्याजवळ होती. आता तिने फोनवर आईला बजावून सांगितलं, "गाठ निघाली तं मी सीधी घरी येते. नागपूरले जात नाई. मायचे हाल पाह्यले मी." आईने ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू ते यंत्र मीच बनवलं आहे.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी एकटीच एसटीने आली, गडचिरोलीला गाडी बदलून. मावसाजींना आणलं नव्हतं. "त्याइले कायले आनू? येकाचा जीव सुकून राह्यला थे पुरे हाय." कागद तिने गावातल्या मुलांकडून दोनदा वाचून घेतला होता. परवापर्यंत पांढरा भात, काल डाळीचं वरचं पाणी, आज नुसतं पाणी.

"काही खाल्लं नाहीस ना?" आईने दारातच विचारलं.

"कालपासून भाताचं शीत पोटात नाई," मावशी म्हणाली. "भुकेनं डोळे आत गेले."

चार वाजता जुलाबाचं औषध सुरू झालं. मोठ्या बाटलीत पावडर कालवून दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. पहिला घोट घेऊन मावशीने मला नीट न्याहाळलं. "असं पानी तं बैलालेबी पाजत नाई कोनी, नोनी." तिकडे मुलीला लाडाने नोनी म्हणतात. मी पंचवीस वर्षांची आहे, पण मावशीच्या हिशेबात तो शब्द लग्नानंतरही चालतो.

आमचा संडास मागच्या अंगणात आहे, शेजारच्या काकूंच्या भिंतीला लागून. काकू त्या वेळी कुंड्यांना पाणी घालत होत्या. मावशी दर वेळी बाहेर आली की भिंतीवरून आकडा सांगायची. "सात झाल्या बाई." काकू म्हणाल्या, "लिंबू पिळून देऊ का पाणी?" मावशी म्हणाली, "थांबा, नोनीले पूसते. थे असेच फोटो काढते, आतड्याचे. मोठी मशीन हाय तिच्यापासी." मी आत खिडकीचा पडदा ओढून उभी होते. आमच्या लाइनीत आम्ही इतकी वर्षं राहतो, पण मी काय काम करते हे कोणाला नीट माहीत नव्हतं. सूर्य बुडायच्या आत सगळ्यांना माहीत झालं. अकरा झाल्यावर समोरच्या घरातूनही चौकशी आली.

सकाळी आठला आम्ही सेंटरवर पोचलो. मावशीला मागून उघडा गाऊन दिला तर म्हणाली, शिंप्याने उलटा शिवला. खोलीत पाऊल टाकलं आणि थांबली. "इथी तं पूस महिना चालू हाय." सिस्टरने इंजेक्शन दिलं, कुशीवर झोपवलं, बारीक नळी बसवली. त्या नळीला रबराचा फुगा असतो. तो दाबून आतड्यात हवा भरायची. आतडं रिकामं आणि फुगलेलं असेल तरच त्याच्या भिंती चित्रात नीट दिसतात. हे दाबायचं काम माझं. मी मनात मोजत दाबते आणि पेशंटच्या तोंडाकडे बघत नाही.

"सायकलीत हवा भरून राह्यली का?" मावशीने विचारलं.

"थोडी राहिली."

"पुरे कर. फुटन."

"सोडायची नाही, मावशी. धरून ठेव."

"भरतेबी हेच आन् सोडू नको म्हनतेबी हेच," मावशी सिस्टरला म्हणाली. "जनमभर लोकाइत दाबून धरली, आता भाचीसमोरबी धरा."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसत होती. मला हसू आलं, पण हातातला फुगा सुटेल म्हणून मी ते आवरलं.

मग मावशी उताणी, मी काचेमागे. श्वास धर, म्हटलं. पहिलं चित्र भरत गेलं. हवेने फुगलेलं आतडं पडद्यावर काळं दिसतं आणि भिंती राखाडी. कागदाप्रमाणे आदल्या संध्याकाळी पेशंटला एक औषध पाजलेलं असतं, त्याने आत मळ राहिलाच असेल तर तो पांढरा दिसतो, म्हणजे गाठीत आणि त्यात गल्लत होत नाही. मावशीचं आतडं सुरेख दिसत होतं. मी एकेक काप खाली सरकवत होते. दुर्बीण जिथे अडली होती त्याच्या वर, डाव्या बाजूच्या वळणात, पाठीकडच्या भिंतीला टेकून एक गोल ठिपका होता. पांढरा नव्हता. माझ्या हाताने आपोआप मोजलं. सात मिलिमीटर.

मी चेहरा कोरा ठेवला. मला वाटलं, ठेवला.

"तुह्यं तोंड काऊन असं झालं?" स्पीकरमधून आवाज आला. ती काचेतून बघत होती.

"पालथी हो, मावशी," मी म्हटलं.

"पोटाचा ढोल केला आन् त्याच्यावर झोप म्हनते." पण झाली. सिस्टरने छातीखाली उशी दिली.

ही तपासणी दोनदा करतात, एकदा उताणं आणि एकदा पालथं. भिंतीला चिकटलेली गाठ तिथेच राहते, आत सुटं काही असेल तर ते वजनाने खाली घरंगळतं. दुसरं चित्र आलं. मी त्याच वळणावर गेले. ठिपका पाठीच्या भिंतीवर नव्हता. तो आता पोटाकडच्या भिंतीवर बसला होता. मी श्वास सोडला. तेव्हा कळलं की मावशीबरोबर मीही धरला होता.

सर मागे येऊन उभे राहिले होते. सर मूळचे वरोऱ्याकडचे, कापसाच्या आणि भाकरीच्या मुलखातले. कमी बोलतात, म्हणून आमचं जमतं. त्यांनी चित्र बराच वेळ वरखाली केलं.

"हललंय," मी म्हटलं. नियमात बसत नव्हतं, पण म्हटलं.

"हललंय. पण हे मळ वाटत नाही. कडेला बारीक पांढरी रेघ आहे, आत काळपट, चरबीसारखं. चरबीची गाठ अशी दिसू शकते. देठावर लोंबत असेल तर पालथं केल्यावर तीही हलते." त्यांनी माइकचं बटण दाबलं. "मावशी, काल काही खाल्लं होतं का?"

"नाई जी."

"नक्की? आठवून सांगा."

"लेकराइची शप्पत, साहेब. परवापासून शीत नाई पोटात."

सरांनी बटण सोडलं. "मग लिहावं लागेल. गाठ नाकारता येत नाही, पुढच्या तपासणीसाठी नागपूरला जावं." ते वाईट वाटून म्हणाले, तरी म्हणाले. आणि मला पुढचं सगळं दिसलं. मावशी रिपोर्ट घेणार, घडी करून कमरेला खोचणार, दुपारच्या गाडीने घरी जाणार आणि पुन्हा कोणत्याही दवाखान्याची पायरी चढणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये मी मावशीकडे राहिले आहे. धानाच्या त्या पट्ट्यात खाणं म्हणजे भात. भजी, मुरमुरे, शेंगा, आंबे, हे सगळं नुसतं तोंड चालवणं. लग्नात पोटभर पुऱ्या आणि बुंदी खाऊन आलेला माणूस, भात उशिरा निघाला म्हणून तसाच परतला, तर घरी येऊन उपाशी आलो म्हणतो, आणि घरची बाई खरंच चूल पेटवते. मावशी खोटी शपथ घेणारी नव्हती. पण सरांनी विचारलं ते भाकरीच्या मुलखातून, आणि तिने उत्तर दिलं ते भाताच्या.

मी उठले आणि आत गेले. माइकवर विचारण्यासारखं ते नव्हतं. मावशी पालथी, गाल उशीवर टेकलेला. मी तिच्या तोंडाशी उकिडवी बसले. तिचा उजवा हात माझ्या डोळ्यांसमोर होता. अंगठा आणि दोन बोटं, नखांच्या कडा जांभळ्या. साबणाने न निघालेला रंग.

"मावशी, भाताचं सोड," मी म्हटलं. तिची बोली त्या इमारतीत मी पहिल्यांदाच बोलत होते. "गाडीत तोंडात काय टाकून राह्यली होतीस?"

मावशीने बोटं मुठीत मिटली. "चारं होते थोडेसे."

चारं म्हणजे चारोळीची फळं. मे महिन्यात जंगलात पिकतात, काळी-जांभळी, बोरापेक्षा लहान, गोड. आत कडक बी असते, ती फोडली की दुकानातली चारोळी निघते.

"आन् बिया?"

"गिळल्या."

"काऊन?"

"मंग कुठी थुंकू? बाजूले मास्तरीन बसली होती, कोऱ्या पातळाची. खिडकीतून थुंकावं तं मागच्याच्या तोंडावर जाते."

"किती गिळल्या?"

"चारं कोनी मोजून खाते का?"

"मावशी."

"येक दोना." पळसाच्या पानांचा द्रोण. "थे का खानं हाय? तुह्या कागदात पेरू लिवलं हाय, टमाटर लिवलं हाय, वांगं लिवलं हाय. चारं कुठी लिवलं?"

ते खरं होतं. मी मूळ कागदातली बियांची फळं तेवढी मराठीत आणली होती. तो कागद करणाऱ्यांनी जंगल पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलेलं होतं, पण माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"दुसरा दोना पिशवीत हाय," मावशी म्हणाली. "तुह्यासाठी आनला होता. काल द्याचं भुलली, त्या बैलाच्या पान्यापायी."

मी पिशवी घेऊन जवळजवळ धावतच काचेमागे आले. सरांनी एक फळ चिमटीत धरून उलटसुलट पाहिलं. चारोळी त्यांनी आजवर बासुंदीतच पाहिली होती. गर काढला, बी पुसली, पट्टीवर ठेवली. सात. किंचित जास्त.

"आत तेल असतं ना हिच्यात?" त्यांनी विचारलं.

"भरपूर."

"मावशींना उतरवून बाहेर बसवा. सिस्टर, एक प्लास्टिकचा पेला द्या, पाणी घालून."

तीन बिया पेल्यात टाकल्या, पेला टेबलावर ठेवला आणि मी टेबल आत सरकवलं. यंत्राने नेहमीप्रमाणे पेशंटचं नाव, वय आणि लिंग मागितलं. मी टेस्ट लिहिलं आणि वयासमोर एक टाकलं. सिस्टर म्हणाली, श्वास धरायला सांगायचं राहिलं. सर हसले. सरांना मोठ्याने हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

चित्र आलं. कडेला बारीक पांढरी रेघ, आत तेलाचा काळपट गाभा. दोन पडदे शेजारी शेजारी ठेवले, एकीकडे पेला आणि एकीकडे मावशी. मग सर पुन्हा तिच्या आतड्यातून सावकाश फिरले. काय शोधायचं ते आता माहीत होतं. घड्यांच्या आड आणखी चार बिया सापडल्या, सगळ्या एका मापाच्या.

"गाठी अशा मापात कापून येत नाहीत," सर म्हणाले. "बाकी आतडं स्वच्छ आहे. एकही गाठ नाही. मूळव्याधीचं औषध घेऊ दे." मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "जा, तूच सांग."

आजपर्यंत मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं. आत गेले तेव्हा मावशी परत येऊन टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होती, गाऊनची मागची बाजू मुठीत धरून. मी वाक्य जुळवत होते. निघालं ते एवढंच, "काई नाई, मावशी. चारंच हाय."

मावशीने माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर धरलं आणि ते तसंच धरून ठेवलं. मलाही ते सोडवून घ्यावंसं वाटलं नाही. मग कानाशी तिचा आवाज आला, "आता तरी हवा काढू देतेस का?"

अर्ध्या तासाने ती लुगडं नेसून सरांच्या खोलीत बसली होती, हातात चहा. सरांनीच बोलावलं होतं. या तपासणीत संगणक सगळ्या कापांची जोडणी करून आतड्याचं एक भुयार तयार करतो, आणि त्यातून चालत गेल्यासारखं बघता येतं. पेशंटला ते कोणी दाखवत नाही. सरांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"हे माह्यं?"

"तुमचंच."

"इतकं साफ?" मावशी खुर्ची ओढून पुढे सरकली. "माह्या घरची पोतलेली भीत अशी नाई."

गुलाबी भिंती, एकामागे एक तिकोनी कमानी. वळणावर सर थांबले. "इथं दुर्बीण अडली होती." मावशी वाकून म्हणाली, मी असते तर मीही अडले असते. पुढे एका कमानीच्या पायाशी गोल धोंड्यासारखं काहीतरी बसलं होतं. "थे पाह्य, बसली हाय," ती म्हणाली, आणि तेवढ्यात मावसाजींचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. तिला फोन कानाला लावायची सवय नाही.

"निघाली का वो?" पलीकडून आवाज आला. बोलायला फार वेळ लागल्यासारखा आवाज.

"नाई निघाली. चारं निघाले."

मग मावसाजींनी विचारलं, "कोनाचे?"

"आपल्याच नाल्यावरच्या झाडाचे. तुमीच तोडून देल्ले थे." मग ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "अंदर सडक हाय, जी. डांबराच्या सडकीहून साफ. ठेवा आता, मी पाहून राह्यली."

द्रोण टेबलावर फिरला. सरांनी दोन चारं तोंडात टाकली, सिस्टरने मूठभर घेतली, आणि मावशीने सरांना बी गिळू नका म्हणून ताकीद दिली. भुयार शेवटाला पोचलं. सर म्हणाले, इथे मोठं आतडं संपतं.

"मंग वापस चाला," मावशी म्हणाली.

सर म्हणाले, खरंच परत यावं लागतं, कमानींच्या मागची बाजू जाताना दिसत नाही. त्यांना दुसरा पेशंट होता. उठताना त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. मी भुयाराचं तोंड उलटं केलं आणि निघाले, आमच्या नेहमीच्या वेगाने.

"हळू," मावशी म्हणाली. तिचा हात माझ्या मनगटावर होता, चहाच्या कपाने कोमट झालेला. "हळू चालव, नोनी. मले समदं पाहू दे."

मी हळू केलं.